खरखरणारा रेडिओ

(ठाण्यातल्या एका वाचक मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘कवितेतली बापाची अबोल माया’. मी एकाच कवितेवर बोलणार आहे, दिलीप चित्र्यांच्या. वाचली नसेल तर घरातल्या बारावीच्या मुलाचं इंग्रजीचं पुस्तक उघडा, ‘फादर रिटर्निंग होम’. मराठीतला एवढा मोठा कवी, पण ही कविता त्यांनी इंग्रजीत लिहिली. १९८०च्या ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ या संग्रहात ती आहे.

ठाणेकरांना ती काय समजावून सांगायची? उशिराची लोकल, पिवळा उजेड, भिजलेले कपडे, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट, पुस्तकांनी फाटायला आलेली पिशवी. दिलीपरावांचे वडील ‘अभिरुची’ मासिक चालवायचे, म्हणून ती पिशवी मला नुसत्या कल्पनेतली वाटत नाही. गाडीतून बाप उतरतो, लांबलचक वाक्यातून शब्द गळावा तसा. मग रूळ ओलांडून गल्लीत शिरतो. (इथल्या किती जणांनी रूळ ओलांडलेत? हात वर करू नका, रेल्वेतली माणसंही बसलीत.)

माझं भांडण परीक्षेच्या गाइडांशी आहे. उत्तर ठरलेलं: एकाकीपणा, परात्मता म्हणजे जगापासून तुटलेपण, पिढ्यांमधली दरी. ते सगळं कवितेत आहेच. पण माया कुठे गेली?

आम्ही कोपरीत राहायचो, दोन खोल्यांत. बाबा फोर्टातून रात्री दहाला यायचे, जेवायचे आणि ट्रान्झिस्टर कानाला लावून ‘आपली आवड’ ऐकायचे. आम्हाला ऐकू यायची फक्त खरखर. माझं बारावीचं वर्ष. एका रात्री मी वैतागून म्हणालो, ‘स्टेशन लागत नाही तर बंद तरी करा ना.’ त्यांनी बंद केला. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यात बसायला लागले. पावसाळा होता, जिन्यात ओल यायची.

बाबा गेल्यावर तो ट्रान्झिस्टर मी दुरुस्तीला नेला. दुकानदाराने आवाज वाढवला, तर गाणं स्वच्छ. कमी केला की खरखर. म्हणाला, ‘स्टेशनचा काही दोष नाही. आवाजाचं बटण घासलंय, तेही फक्त खालच्या टोकाला. वर कुणी नेलंच नाही वाटतं.’

मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

...चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. मग घाईत सांगतो. कवितेतला बापही रेडिओची खरखर ऐकत झोपी जातो. चित्र्यांच्या मनात काय होतं यावर माझा दावा नाही, मला मात्र तिथे जिना दिसतो. तो शिळी चपाती खातो, पांचट चहा पितो. ताजी कुणी खाल्ली हे कविता सांगत नाही, आणि त्याची तक्रारही नाही. घुमी मुलं आपली गुपितं त्याला सांगत नाहीत. पण बेसिनपाशी तो थरथरतो, मनगटावरच्या पांढुरक्या केसांना पाण्याचे थेंब अडकून राहतात. ते थेंब कुणी पाहिले? त्या घुम्यांपैकीच एकाने. इतक्या जवळून आपण कुणाकडे बघतो, सांगा. आणि झोपेत त्याला पूर्वज दिसतात, नातवंडं दिसतात. मधली मुलं गाळलेली. हेही त्या गाळलेल्या मुलानेच लिहून ठेवलंय.

ट्रान्झिस्टर आणलाय, सेल घातलेत. चहाच्या टेबलाशी ठेवतो. ज्यांना बटण फिरवून बघायचं असेल त्यांनी या.