चावडीचा सातबारा

श्रोतेहो, नमस्कार.

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी ईलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर विकत घेतले. ट्विटर ही साऱ्या जगाची चावडी आहे, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे खरेदीआधीपासून चालू होते. चावडी गावाची असते. या चावडीचा सातबारा मात्र एका माणसाच्या नावावर चढला. कंपनी शेअर बाजारातून बाहेर काढल्याने दर तिमाहीला जाहीर हिशेब देण्याचे बंधनही उरले नाही. जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले आणि जानेवारी २०२१ मध्ये बंद केलेले डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते महिन्याच्या आत पुन्हा उघडले गेले.

मालकाला राजकीय मत असू नये, असे माझे म्हणणे नाही. वृत्तपत्रांच्या मालकांनाही ते असतेच. परंतु अग्रलेख सर्वांच्या अंकात सारखाच छापलेला असतो, आणि हे भाषणही या क्षणी तुम्हा सर्वांना शब्दशः एकच ऐकू येत आहे. समाजमाध्यमावर कोणापुढे काय यावे हे अल्गोरिदम ठरवतो, आणि प्रत्येकाचा पडदा निराळा असल्यामुळे काय पुढे रेटले गेले व काय मागे पडले, हे शेजाऱ्याशी ताडून पाहण्याची सोयच राहत नाही.

१३ जुलै २०२४ रोजी पेनसिल्व्हेनियात ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला आणि त्याच दिवशी मस्क यांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला. त्या वर्षीच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतला. हा आकडा आपल्याला कळतो, कारण अशा देणग्यांची नोंद तेथील निवडणूक आयोगाकडे करावी लागते. पण तेव्हा सुमारे २० कोटी अनुयायी असलेला खातेदार स्वतःच मंचाचा मालक असेल, तर त्याच्या रोजच्या प्रचाराची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी जर्मनीतील एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या नेत्या ॲलिस वायडेल यांची थेट मुलाखत याच मंचावर घेतली. फेब्रुवारीतल्या संसदेच्या निवडणुकीत तो पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याचे श्रेय मस्क यांना देणे घाईचे ठरेल, कारण पक्षाचा जोर आधीपासूनच वाढत होता. फेसबुकची गोष्ट थोडी वेगळी: मेटा कंपनी बाजारात नोंदलेली आहे, तरी जादा मताधिकार असलेल्या खास शेअर्समुळे निम्म्याहून अधिक मते मार्क झुकरबर्ग यांच्याच हाती आहेत.

ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने मस्क यांच्याशी झालेल्या वादातून ऑगस्ट २०२४ अखेर त्यांचा मंच देशभर बंद केला. कंपनीने दंड भरला, कायदेशीर प्रतिनिधी नेमला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा सुरू झाला. मालक आणि न्यायालय यांच्या त्या भांडणाशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, अशा लक्षावधी ब्राझिलवासीयांनाही तोवर चावडीबाहेरच थांबावे लागले.