मॅटलॅबचे कुठले टूलबॉक्स खरंच लागतात? कोटेशन मागवायच्या आधी हे करा

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. आजचा विषय मॅटलॅब, म्हणजे गणितं आणि डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर, आणि त्याचे टूलबॉक्स, म्हणजे वेगळे विकत घ्यायचे फंक्शनांचे संच. मार्च जवळ आला की वाळूजच्या कितीतरी डिझाइन डिपार्टमेंटमध्ये एकच मेल फिरतो: "सॉफ्टवेअर रिन्यूअलची यादी द्या." यादी कशी होते ते तुम्हालाही माहितीये. मागच्या वर्षीची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, उघडायची, तारीख बदलायची, पाठवून द्यायची. मी तीन वर्षं हेच केलं.

चौथ्या वर्षी साहेबांनी विचारलं, "हे नऊ टूलबॉक्स कशाला लागतात रे?" मी कमांड विंडोत 'व्हर' टाइप केलं, आलेल्या यादीचा स्क्रीनशॉट काढला आणि खाली लिहिलं, "सर, सगळे वापरात आहेत." आता आठवलं की हसू येतं. 'व्हर' सांगतं मशीनवर काय बसवलंय ते. आणि बसवताना आयटीच्या पोराने दिसेल त्या चौकटीत टिक मारलेली होती.

खरी गोम कुठं आहे सांगू? आपली पोरं इंजिनिअरिंग करतात तेव्हा कॉलेजच्या लायसन्सवर बहुतेक टूलबॉक्स खुले असतात. फंक्शन लिहिलं, चाललं, विषय संपला. ते कुठल्या टूलबॉक्सातलं आहे हे कोण बघतंय? तोच पोरगा पुढं वाळूजला नाहीतर शेंद्र्याला लागतो, पेनड्राइव्हवर तीच स्क्रिप्ट आणतो, आणि इथं ती लाल अक्षरांत ओरडायला लागते. मग टूलबॉक्सची मागणी जाते. म्हणजे खरेदी पर्चेसवाला ठरवत नाही, कोड लिहिणाऱ्याने ती कधीच ठरवलेली असते. (कॉलेजचं लायसन्स कंपनीच्या कामाला चालत नाही, हेही ऐकून ठेवा. "कोण बघतंय" म्हणू नका.)

[स्क्रीन रेकॉर्डिंग]

ही माझी जुनी स्क्रिप्ट. दुचाकीच्या ब्रॅकेटवर ॲक्सलरोमीटर (कंपनं मोजणारा सेन्सर) लावून घेतलेला व्हायब्रेशनचा डेटा आहे. यात चार फंक्शनं बघू. 'एफएफटी', मूळ मॅटलॅबमध्येच आहे. 'बटर', म्हणजे बटरवर्थ फिल्टर, आणि 'फाइंडपीक्स', ही दोन्ही सिग्नल प्रोसेसिंग टूलबॉक्सची. आजूबाजूच्या बिंदूंची सरासरी काढणारं 'स्मूथ' कर्व्ह फिटिंग टूलबॉक्सचं. कसं कळलं? 'व्हिच' लिहून पुढं फंक्शनचं नाव टाका. फाइलचा पत्ता येतो, त्यात टूलबॉक्सच्या फोल्डरचं नाव असतं. बघा, फाइंडपीक्सच्या पत्त्यात 'सिग्नल' दिसतंय.

दोनशे फाइली असतील तर एकेक करत बसायचं नाही. 'मॅटलॅब डॉट कोडटूल्स डॉट रिक्वायर्डफाइल्सअँडप्रॉडक्ट्स'. नाव मारुतीच्या शेपटीएवढं आहे, पण 2014 पासून मॅटलॅबमध्येच आहे, वेगळं विकत घ्यायचं नाही. मुख्य फाइल दिली की लागणाऱ्या प्रॉडक्टची यादी देतं. यादीत 'सर्टन' नावाचा रकाना असतो तो बघा. तिथं एक असेल तर प्रॉडक्ट नक्की लागतं, शून्य असेल तर कदाचित. शून्यवाल्या ओळी हातानं तपासायच्या. आणि कुणी 'इव्हॅल'मध्ये (ते मजकूरच कोड म्हणून चालवतं) स्ट्रिंग घालून फंक्शन बोलावलं असेल, तर ते याला दिसत नाही.

दुसऱ्या बाजूनंही पडताळा. मॅटलॅब बंद करून नव्यानं उघडा, पूर्ण काम चालवा, मग 'लायसन्स' लिहून कंसात 'इनयूज' टाका. या बैठकीत कुठकुठली लायसन्सं उचलली गेली ते येतं. नव्यानं उघडायचं कारण असं, की एकदा उचललेलं लायसन्स साधारणपणे मॅटलॅब बंद होईपर्यंत सुटत नाही. सकाळी कुणी एकदा फाइंडपीक्स चालवलं आणि मॅटलॅब उघडंच ठेवून जेवायला गेला, तर दुसऱ्याला उणे चार नंबरची एरर, म्हणजे लायसन्स शिल्लक नाही. मग "सीट वाढवा, सीट वाढवा." (सीट म्हणजे एका माणसापुरतं लायसन्स.)

नेटवर्क लायसन्स, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्यांनी वाटून घ्यायचं, असेल तर सर्व्हरची लॉग फाइल वाचा. 'आउट' म्हणजे उचललं, 'इन' म्हणजे परत आलं, 'डिनाइड' म्हणजे मिळालं नाही. ओळीत नुसती वेळ असते, तारखेसाठी अधूनमधून येणारी टाइमस्टॅम्पची ओळ शोधावी लागते.

[कॅमेऱ्यासमोर]

आता माझी फजिती. मी पंधरा दिवसांचा लॉग बघितला. कर्व्ह फिटिंगचं एकही 'आउट' नाही. काढून टाकलं, साहेब खूश. एकतीस तारखेला टेस्ट लॅबमधून फोन: "सर, रिपोर्टच निघना झालाय. सकाळपासनं एरर मारायलंय." महिन्यातून एकदाच चालणारी स्क्रिप्ट, आणि तिच्यात एक 'स्मूथ'. त्यामुळं लॉग किमान तीन महिन्यांचा बघा, त्यात एक क्वार्टर एंड आलाच पाहिजे.

टूलबॉक्स परत घेतला नाही. 'स्मूथ'च्या जागी 'मूव्हमीन' टाकलं, ते मूळ मॅटलॅबमध्येच आहे. पण आकडे जुळेनात! पाच बिंदूंची सरासरी दोन्हीकडं, मधले आकडे तंतोतंत, फक्त पहिले दोन आणि शेवटचे दोन वेगळे. 'स्मूथ' टोकाला खिडकी दोन्ही बाजूंनी सारखी आखडतं, पहिला बिंदू जसाच्या तसा ठेवतं. 'मूव्हमीन' पहिल्या बिंदूलाही पुढचे दोन जोडून तिघांची सरासरी काढतं. कस्टमरला जाणाऱ्या रिपोर्टमध्ये हा फरक आधी सांगावा लागतो, गुपचूप बदलून चालत नाही. आम्ही टोकाचे चार बिंदू जुन्या पद्धतीनं काढणाऱ्या चार ओळी लिहिल्या.

सिमुलिंकचं, म्हणजे ब्लॉक जोडून मॉडेल बनवायच्या मॅटलॅबच्या जोडीच्या सॉफ्टवेअरचं, गणित जरा निराळं. बोअरमध्ये जलपरी सोडायची म्हटलं की पाइप, केबल, स्टार्टर सगळं मागोमाग येतं ना, तसंच. मॉडेलमधून कंट्रोलरसाठी एम्बेडेड कोडरनं कोड काढायचा, तर खाली सिमुलिंक कोडर आणि त्याच्याही खाली मॅटलॅब कोडर लागतो. कोटेशनमध्ये एकच नाव दिसलं तर लगेच विचारा. मॉडेलला काय काय लागतं ते बघायला सिमुलिंकमध्ये डिपेंडन्सी ॲनालायझर आहे, तो चालवा.

पैसे मात्र इथं वाचतात. मॉडेल बनवणारे दोघं, नुसतं चालवून बघणारे आठ, असं असेल तर दहा सीट कशाला? सिमस्केप म्हणजे सिमुलिंकवर यंत्रांची, सर्किटांची मॉडेलं बनवायचं प्रॉडक्ट, आणि सिमस्केप इलेक्ट्रिकल ही त्याची वेगळी पुरवणी. तिचं मॉडेल 'रिस्ट्रिक्टेड' मोडमध्ये सेव्ह केलं, तर समोरच्याकडं मूळ सिमस्केपचं लायसन्स पुरतं. इलेक्ट्रिकल मशीनवर बसवलेलं हवं, पण त्याचं लायसन्स उचललं जात नाही. तो सिम्युलेशन चालवू शकतो, नवे ब्लॉक टाकू शकत नाही. आमच्याकडं त्या आठ जणांना नवे ब्लॉक टाकायचेच नव्हते.

ऑक्टेव्हबद्दल, म्हणजे मॅटलॅबसारख्याच मोफत सॉफ्टवेअरबद्दल, विचारणारे आहेतच. त्याच्या सिग्नल पॅकेजमध्ये 'बटर' आणि 'फाइंडपीक्स' दोन्ही मिळतात, नुसती व्हायब्रेशनची स्क्रिप्ट असेल तर जरूर चालवून बघा. सिमुलिंकची मॉडेलं तिथं उघडणार नाहीत.

तुमचा लॉग वाचताना कुठं अडलं तर ती ओळ कमेंटमध्ये टाका. युझरचं आणि सर्व्हरचं नाव तेवढं खोडून.