टाकीत बुडवायची दांडी

(पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘निवृत्तांच्या वसाहती : वाढती घरं, आटतं पाणी’. भारदस्त आहे. तिथपर्यंत पोचू, पण वाटेत टाकी लागते आणि तिचं झाकण उघडल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पेन्शनरांचं पुणं म्हणायचे, तेव्हा पेन्शनर पेठेत राहायचा. आता मुलगा कॅलिफोर्नियात, वाडा बिल्डरकडे आणि आईबाबा भूगाव, उंड्री नाहीतर तळेगावच्या बाजूला, ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेल्या संकुलात. रॅम्प आहे, बाथरूमला धरायला दांडे आहेत, बेल दाबली की नर्स येते. पाणी मात्र टँकरवाल्यानं फोन उचलला तर.

नियोजनात माणशी रोज 135 लिटर धरतात. त्यातले 45 फ्लशचे. म्हणजे दोघांचे 270. आता, नोकरीवाल्या घरात सकाळी नऊला कुलूप लागतं, दिवसभराचे फ्लश ऑफिसच्या खात्यावर जातात. तुम्ही चोवीस तास घरी. शिवाय दिवसाची ताई, रात्रीचा मदतनीस, कुणी अंथरुणावर असेल तर रोजच्या चादरी. ‘दोन म्हातारी माणसं, ती किती पाणी वापरणार’ असं गृहीत धरून टाकी बांधली की ती पहिल्याच वर्षी अपुरी पडते. (हसू नका, पुढच्या रांगेतल्या काकू मान डोलवताहेत.)

तर टँकर. दहा हजार लिटरचा म्हणून येतो, पावतीवर सही होते, वॉचमन शिट्टी मारतो, संपलं. दहा हजार भरले का, हे कोण बघतं? जमिनीखालच्या टाकीची लांबी-रुंदी आतून मोजा. बाहेरून नाही, भिंतीची जाडी त्यात जाते. मधे खांब असतील तर तेवढं क्षेत्रफळ वजा करा. मोजमाप टाकी धुवायच्या दिवशी घ्यायचं, तेव्हा ती रिकामी असते. समजा आत सहा मीटर बाय चार मीटर आहे. चोवीस चौरस मीटर. दहा हजार लिटर म्हणजे दहा घनमीटर. दहा भागिले चोवीस, पाणी 42 सेंटीमीटर चढलं पाहिजे, किंचित कमी. टँकर लावण्याआधी वर पाणी चढवणारा पंप बंद, महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, टाकीला दोन कप्पे असतील तर मधला व्हॉल्व्हही बंद. दांडी बुडवा, ओली खूण वाचा. टँकर रिकामा झाला की पाच मिनिटं लाटा निवू द्या, परत वाचा.

35 सेंटीमीटरच चढलं, तर आले 8,400. सोळाशे कमी. दिवसाला सहा टँकर घेत असाल तर 9,600 लिटर गेले. पैसे सहाचे, पाणी पाचाचं. दरवेळी चोरीच असते असं नाही. टँकरचा कॉक मागे असतो. गेटपाशी उतार असेल आणि गाडी तोंड खाली करून उभी राहिली, तर पुढच्या भागात पाणी तसंच राहतं. गाडी उलटी लावायला सांगा. खालचा व्हॉल्व्ह वाटेत गळत असतो, तेही पाहा. ड्रायव्हरशी भांडू नका. दांडी त्याच्यासमोर बुडवा, एवढं पुरतं.

आता दुसरं गळकं खातं, फ्लश. तळाचा रबरी वॉशर बोअरच्या जड पाण्यानं कडक होतो, त्याखाली क्षार बसतात, झाकण नीट टेकत नाही. आवाज येत नाही, भांड्याच्या मागच्या बाजूनं एक पातळ पापुद्रा उतरत राहतो. मिनिटाला 200 मिलीलिटर धरा, एक पेला. दिवसाचे 1,440 पेले, म्हणजे 288 लिटर! दोन माणसांचा अख्खा कोटा, आणि त्यात कुणी हातही धुतला नाही. तपासायचं कसं? फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका, अर्धा तास कुणी वापरू नका. भांड्यात रंग उतरला की वॉशर बदला. सुरुवात खालच्या मजल्यांपासून करा. गच्चीतल्या टाकीपासून दर दहा मीटर खाली साधारण एक बार, म्हणजे हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो, तो सगळा भार तळमजल्यावर, म्हणून तिथले फ्लशच्या टाकीत पाणी भरणारे कॉक आधी गळतात. आणि गुडघ्यांमुळे तळमजला हवा कुणाला असतो? आपल्यालाच.

गच्चीतल्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप बहुतेक ठिकाणी पन्हाळीत सोडलेला असतो. बॉल कॉक अडकला तर पाणी रात्रभर गुपचूप गटारात. तो पाइप वॉचमनच्या खुर्चीशेजारी पडेल असा आणा. भिजला की वर जातो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

मूळ विषय. पुणे महापालिकेच्या हद्दीत 2017 साली 11 गावं आली, 2021 साली 23. रेषा कागदावर एका दिवसात सरकते, जलवाहिनीला वर्षं लागतात. दरम्यान इमारती उभ्या राहतात, आणि महापालिका पाणी देईपर्यंत आम्ही देऊ, असं बिल्डरचं हमीपत्र फायलीत असतं. सोसायटी ताब्यात आली की तो खर्च मेंटेनन्समध्ये उतरतो, आणि पेन्शन तेवढीच राहते.

बोअरचं सांगतात, ‘दोन इंच पाणी लागलं’. ते खोदताना कॉम्प्रेसरनं उडालेलं पाणी. आपला खडक बेसाल्ट, पाणी भेगांत असतं. पहिल्या टप्प्याच्या शंभर घरांना पुरलं म्हणून दुसऱ्या टप्प्यात शेजारी बोअर मारलं, तर ते बहुधा त्याच भेगेतून उपसतं. चाचणी मे महिन्यात मागा : सलग आठ तास पंप चालवून शेवटच्या तासाला किती, आणि पातळी परत यायला किती वेळ.

पावसाचं पाणी? हजार चौरस मीटर गच्ची, 700 मिलीमीटर पाऊस, 80 टक्के हाती लागला तर 5 लाख 60 हजार लिटर. 56 टँकर. सहाच्या हिशोबानं सव्वानऊ दिवस. करा जरूर, पण ब्रोशरमधलं हिरवं पान बघून भुलू नका.

आणि खडकवासला साखळीची चारही धरणं भरली तरी 29 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. त्यावर दौंड-इंदापूरची शेतीही आहे. नवं घर पाणी मागतं ते कुणाच्या तरी पाटातून. म्हणून संकुलातला सांडपाणी प्रकल्प चालू आहे का, त्यातलं शुद्ध केलेलं पाणी फ्लशला न्यायला लाइन वेगळी टाकली आहे का, हे बुकिंगआधी विचारा. प्रकल्पाच्या वीजमीटरवर ‘मागच्या महिन्याची युनिटं दाखवा’ म्हणा. प्रकल्प बंद असला की विजेचं बिल लगेच सांगतं.

बेल झाली. दांडीचं राहिलं : बांबू नको, शेवाळतो आणि खूण दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या, दर सेंटीमीटरला खाच, दर दहाला लाल रंग, वर कडी. झाकणाजवळच साखळीनं बांधून ठेवा, नाहीतर माळी नेतो.