शॉर्टहॉर्न गोऱ्ह्याची पारख : आधी पाय, मग आई, मग कागद

[पडद्यावर : सात महिन्यांच्या गोऱ्ह्याचे एका बाजूने काढलेले छायाचित्र]

नमस्कार. आपल्यासमोर आज एक गोऱ्हा आहे. तो सात महिन्यांचा आहे, मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या शॉर्टहॉर्न जातीचा आहे आणि त्याचा रंग रोन आहे, म्हणजे तांबडे आणि पांढरे केस एकमेकांत मिसळून अंगभर पसरलेले आहेत. त्याच्या शेजारी चार पिढ्यांच्या वंशावळीचा कागद आहे. हा गोऱ्हा कळपाचा वळू म्हणून राखावा की खच्ची करून मांसासाठी वाढवावा, एवढा एकच प्रश्न आपल्याला सोडवायचा आहे, आणि त्याचे उत्तर जपून द्यायला हवे. एक गाय वर्षाला एक वासरू देते, तर एक तरुण वळू एका हंगामात वीस-पंचवीस गाईंना लागतो. त्याच्या मुली पुढे दहा वर्षे कळपात राहतात. गाय निवडताना झालेली चूक एका दावणीपुरती राहते, वळू निवडताना झालेली चूक साऱ्या गोठ्यात पसरते.

बहुतेक जण कागदापासून सुरुवात करतात, कारण कागदावर नावे असतात आणि नावांना वजन असते. मी तसे करू नये असे सांगतो. आधी गोऱ्ह्याचे पाय पाहावेत, मग त्याची आई पाहावी आणि त्यानंतरच कागद उघडावा. याच क्रमाने आपण पुढे जाऊ.

छायाचित्राविषयी आधी एक गोष्ट सांगतो. विक्रीसाठी छायाचित्र काढताना जनावराचे पुढचे पाय किंचित उंचवट्यावर उभे करतात, त्यामुळे पाठ सपाट दिसते. पायांखाली भरपूर पेंढा पसरतात, त्यामुळे खूर दिसतच नाहीत. आणि शॉर्टहॉर्नचे दाट केस विंचरून, फुगवून, कातरून असे बसवतात की पोकळ जागा भरल्यासारखी वाटते. यात फसवणुकीचा हेतू असेलच असे नाही, प्रदर्शनाची ती रीतच आहे. म्हणून विक्रेत्याकडे छायाचित्राऐवजी गोऱ्हा कठीण, सपाट जमिनीवर चालत असल्याचे चित्रण मागावे, आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन त्याच्या अंगावर हात फिरवावा.

[पडद्यावर : मागच्या पायाची तीन रेखाचित्रे]

आता मागचा पाय पाहू. बाजूने पाहिल्यास बसण्याच्या हाडाच्या टोकापासून खाली सोडलेली उभी रेषा मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या, म्हणजे हॉकच्या, मागच्या कडेला स्पर्श करून नळीच्या हाडालगत जमिनीवर उतरायला हवी. सांधा जास्त वाकलेला असेल तर पाय कोयत्यासारखा दिसतो आणि खुराच्या टाचेवर भार येतो. उलट सांधा फार सरळ असेल, पाय खांबासारखा उभा असेल, तर ते वळूच्या बाबतीत मला अधिक धोक्याचे वाटते. गाईवर चढताना वळूचे सगळे वजन मागच्या दोन पायांवर येते. सरळ सांध्याला तो धक्का झेलता येत नाही, तो सुजतो, आणि दोन-तीन हंगामांत चांगला धष्टपुष्ट वळू गाईंकडे पाठ फिरवून उभा राहतो. सात महिन्यांचा गोऱ्हा हलका असतो, त्यामुळे हा दोष त्याला त्या वयात त्रास देत नाही. आजचे किंचित सरळ पाय एक टन वजनाखाली कसे वागतील, याचा विचार पाहणाऱ्यानेच करायचा असतो.

खांद्याचे पाते तिरके असावे आणि त्याचा कल खुरावरच्या तिरक्या भागाच्या कलाशी साधारण मिळता असावा. पाते उभे असेल तर पाऊल आखूड पडते. चालताना मागचे खूर पुढच्या खुराने सोडलेल्या ठशावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडावे. ते बरेच मागे राहत असेल तर खांद्यात किंवा पुठ्ठ्यात कुठेतरी अडचण आहे, असे समजावे. खुराच्या दोन्ही नख्या सारख्या आकाराच्या आणि टाच खोल असावी. इतक्या लहान वयात खूर तासावे लागले असतील, तर ते का तासावे लागले, हे जरूर विचारावे.

वरचे शरीर पाहताना चरबी आणि स्नायू यांतला फरक कळायला हवा. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी आणि छातीच्या पुढच्या भागात चरबी लवकर साठते, त्यामुळे तिथला गुबगुबीतपणा फार काही सांगत नाही. पुढच्या पायाचा गुडघ्याच्या वरचा भाग आणि मागच्या मांडीचा खालचा फुगवटा या जागी चरबी कमी असते. तिथे जाडी दिसली तर तो खरा स्नायू होय. बरगड्या पाठीपासून बाहेर कमानदार निघालेल्या आणि खाली खोल गेलेल्या असाव्यात, कारण चाऱ्यावर वाढणाऱ्या जनावराला पोटात जागा लागते. पुठ्ठा लांब आणि रुंद असावा, शेपटीकडे थोडा उतरता असला तरी चालेल. खांदे मात्र फार जड नसावेत, कारण तीच ठेवण वासरांत उतरली तर गाय विताना अडते. दोन्ही अंड खाली उतरलेले, सारख्या आकाराचे आणि सरळ लोंबणारे आहेत की नाही, हे हाताने तपासावे, आणि खालच्या जबड्याचे दात वरच्या हिरडीला नीट टेकतात का, हेही पाहावे.

वजनाचा आकडा नुसता ऐकू नये, तो वयाशी जुळवून घ्यावा. समजा, जन्मवजन ३८ किलो होते आणि २३० दिवसांचा असताना गोऱ्हा २६८ किलो भरला. २६८ मधून ३८ वजा केले की २३० उरतात, म्हणजे रोज १ किलो वाढ झाली. २०५ दिवसांचे प्रमाणित वजन, म्हणजे तुलनेसाठी सगळ्या गोऱ्ह्यांचे एकाच वयावर आणलेले वजन, त्यामुळे २०५ अधिक ३८, म्हणजे २४३ किलो होते. आई पहिलारू असेल तर तिला दूध कमी असते, म्हणून त्यात आईच्या वयानुसार भर घालतात. त्यानंतर हे वजन त्याच कळपात, त्याच सुमारास जन्मलेल्या आणि त्याच चाऱ्यावर वाढलेल्या इतर गोऱ्ह्यांशी ताडून पाहावे. खुराकावर वाढलेल्या एकट्या गोऱ्ह्याचे मोठे वजन हे खुराकाचे वजन असू शकते.

बाह्यरूपाच्या मोहाचा एक मोठा धडा याच जातीच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंडमधील पर्थच्या वळूबाजारात दक्षिण अमेरिकेचे खरेदीदार बुटक्या, ठासून भरलेल्या, चरबीदार वळूंना मोठी किंमत देत होते, आणि पैदासकारही तसेच वळू घडवत गेले. जात इतकी लहान झाली की बाजाराची मागणी बदलताच ती मागे पडली, आणि १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये मांसाच्या शॉर्टहॉर्नमध्ये फ्रान्सच्या मेन-अंजू जातीचे रक्त मिसळावे लागले. अमेरिकेत त्याच सुमारास लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि उंच, पातळ जनावरांना बक्षिसे मिळू लागली. म्हणून मी पायांचा आग्रह धरतो. उंचीची आवड बदलते, जाडीची आवड बदलते, पण लंगड्या वळूला चांगले दिवस कधीच येत नाहीत.

आता आईकडे जाऊ. शक्य असेल तेव्हा गोऱ्ह्याच्या आधी त्याची आई पाहावी, कारण त्याच्या मुली पुढे कशा होतील याचा सर्वांत जवळचा नमुना तीच आहे. तिची कास पोटाला घट्ट धरलेली असावी, सड मध्यम आकाराचे असावेत. जाड, फुगलेला सड नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या तोंडात मावत नाही आणि त्याला पहिला चीक वेळेवर मिळत नाही. ती किती वर्षांची आहे, तिची किती वेते झाली आणि दोन वेतांत किती दिवसांचे अंतर होते, हे विचारावे. नऊ वर्षांची, दर वर्षी वेळेवर विणारी, स्वतःच्या पायांवर नीट चालणारी आणि माणूस जवळ गेला तरी शांत राहणारी गाय ही कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठी शिफारस आहे.

[पडद्यावर : वंशावळीचा कागद]

शेवटी कागद. शॉर्टहॉर्नचा कागद जुना आहे, हे अभिमानाने सांगावे असे आहे. जॉर्ज कोट्स यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेली शॉर्टहॉर्नची नोंदवही ही गाईगुरांच्या जातीसाठी छापलेली जगातील पहिली वंशनोंदवही होय. तिच्या मुळाशी इंग्लंडमधील डरहॅम परगण्यातील चार्ल्स आणि रॉबर्ट कॉलिंग या भावांचे कळप आहेत. चार्ल्स यांनी फेव्हरिट हा वळू त्याच्याच आईला, फिनिक्सला, लावला. त्यातून यंग फिनिक्स जन्मली. तिला पुन्हा फेव्हरिटच लावला आणि त्यातून कॉमेट जन्मला. १८१०च्या केटन येथील लिलावात कॉमेटला १००० गिनी (गिनी म्हणजे जुने ब्रिटिश चलन) मिळाल्या, ज्या तोपर्यंत कोणत्याही वळूला मिळाल्या नव्हत्या. शंभरेक वर्षांनी अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी शॉर्टहॉर्नच्याच नोंदींवरून अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यांतली पैदास, मोजण्याची पद्धत दाखवली, तेव्हा कॉमेटचा अंतःप्रजनन गुणांक ४७ टक्क्यांच्या आसपास निघाला.

या यशाने पुढच्या लोकांना नावाची भूल पडली. इंग्रज पैदासकार टॉमस बेट्स यांनी जोपासलेल्या डचेस घराण्याच्या गाईंना इतकी मागणी आली की १८७३ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क मिल्सच्या लिलावात ‘एट्थ डचेस ऑफ जिनिव्हा’ ही गाय ४०,६०० डॉलरना गेली. ते घराणे जवळच्या नात्यांतल्या पैदाशीने आधीच दुबळे झाले होते, गाई गाभण राहत नव्हत्या, आणि काही वर्षांत शुद्ध डचेस घराणे संपले. लोक नावाला पैसे मोजत होते आणि गाई वीत नव्हत्या, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

म्हणून वंशावळ जवळून दूर वाचावी. बापाचा वाटा निम्मा, आजोबांचा सरासरीने पाव, पणजोबांचा आठवा आणि चौथ्या पिढीतल्या पूर्वजाचा फक्त सोळावा. चौथ्या ओळीत जाड अक्षरात छापलेला विजेता एकदाच आला असेल, तर त्याच्यासाठी पैसे देऊ नयेत. तो दोन्ही बाजूंना दोन-तीनदा आला असेल, तर मात्र तो कसा होता आणि त्याने काय मागे ठेवले, हे शोधून काढावे. अमेरिकेत कागदावर ईपीडी नावाचे आकडे असतात; जनावराची वासरे इतरांच्या वासरांपेक्षा किती वेगळी निघतील, याचा तो अंदाज असतो. एका वळूच्या जन्मवजनाचा आकडा १ आणि दुसऱ्याचा ४ असेल, तर सारख्याच गाईंवर दुसऱ्याची वासरे सरासरी ३ पौंड जड जन्मतील, असा त्याचा अर्थ आहे. लहान गोऱ्ह्याच्या आकड्यांची खात्री मात्र कमी असते. ते मुख्यतः आईबापांवरून आणि त्याच्या स्वतःच्या वजनावरून काढलेले असतात. ब्रिटनमध्ये ईबीव्ही, म्हणजे जनावराच्या पैदासमूल्याचा अंदाज, देतात. तो जनावराचा पूर्ण आकडा असतो, संततीत त्याचा निम्माच उतरतो.

डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट फक्त कागद आणि प्रयोगशाळा सांगू शकते. उत्तर अमेरिकेच्या शॉर्टहॉर्नमध्ये टीएच नावाचा अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, दोष आढळतो. त्याची वासरे मागच्या पायांतील नडगीच्या हाडाविना, वाकड्या पायांनी जन्मतात आणि जगत नाहीत. त्याचा माग आयर्लंडहून आणलेल्या डियरपार्क इम्प्रूव्हर या वळूपर्यंत लागला. दुसरा दोष पीएचए; त्यात वासराची फुप्फुसे नीट तयार होत नाहीत आणि अंगात पाणी साठून ते इतके मोठे होते की गाईच्याच जिवावर बेतते. वाहक, म्हणजे दोषाची एकच प्रत बाळगणारा, गोऱ्हा दिसायला उत्तम असू शकतो. निर्दोष गाईंवर त्याची वासरेही निरोगीच जन्मतात, पण त्यांतली निम्मी वाहक असतात, आणि पुढचा वळू वाहक निघाला की त्या वाहक मुलींच्या दर चारांतले एक वासरू दोषग्रस्त जन्मते. दोन्ही चाचण्यांचा निकाल लेखी हातात येईपर्यंत गोऱ्हा घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

रंगावर मी फार वेळ घालवणार नाही. रोन गोऱ्हा तांबड्या गाईंवर निम्मी तांबडी आणि निम्मी रोन वासरे देतो. रोन गाईंवर चौथा हिस्सा पांढरी येतात. पांढऱ्या शॉर्टहॉर्न कालवडींपैकी काहींच्या जननमार्गात जन्मजात दोष असतो, एवढे लक्षात ठेवावे.

कृष्णाकाठच्या प्रेक्षकांसाठी येथे एक दुवा सांगतो. टेक्ससमधील किंग रँचवर घडलेली सांता गर्ट्रुडिस ही जात सुमारे पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न आणि तीन अष्टमांश ब्राह्मन आहे, आणि अमेरिकेतील ब्राह्मन जातीच्या घडणीत कांकरेज, गीर आणि ओंगोल यांच्यासोबत कृष्णा खोऱ्यातील जनावरांचेही रक्त आहे.

इतके पाहूनही डोळा चुकतो. स्कॉटलंडमध्ये सिटिटन येथे शॉर्टहॉर्नचे पैदासकार अ‍ॅमोस क्रुकशँक यांच्याकडे लँकेस्टर कॉमेट नावाचा वळू आला, तेव्हा त्याची मोठी शिंगे पाहून तो कोणालाच आवडला नाही. त्याला दूरच्या शेतावर ठेवले आणि त्याची मोजकीच वासरे झाली. त्यांतलाच एक, १८५९ साली जन्मलेला, पुढे ‘चँपियन ऑफ इंग्लंड’ म्हणून त्या कळपाचा पाया ठरला. शिंगांवरून वळू नाकारला गेला, पण क्रुकशँक यांनी त्याच्या वासरांकडे पाहणे सोडले नाही.

आपल्या रोन गोऱ्ह्याकडे परत येऊ. पाय सरळपणाकडे झुकलेले नसतील, आई वेळेवर विणारी असेल आणि टीएच व पीएचए या दोन्ही चाचण्या स्वच्छ असतील, तर त्याला खच्ची न करता राखावे, पण अंतिम निर्णय मात्र थांबवावा. बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान पशुवैद्यकाकडून वीर्याची आणि जननक्षमतेची तपासणी करून घ्यावी. त्या वयात अंडकोशाचा घेर किमान ३० सेंटिमीटर भरायला हवा. तो २८ वर अडला, तर कागदावर कोणतेही नाव असले तरी त्याला वळू म्हणून ठेवू नये.