पत्ता नव्हे, ठसा

[पडद्यावर: ब्राउझरचं कोरं पान. मधोमध ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.]

ही फाइल हरवलेली नाही. त्याच डिस्कवर आहे, आतलं एक अक्षरही हललेलं नाही. कुणीतरी फोल्डरचं नाव तेवढं बदललं आणि तिच्याकडे नेणाऱ्या सगळ्या लिंक निकामी झाल्या.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं, की चांगले यूआरआय, म्हणजे वेबवरच्या वस्तूंची ओळख सांगणारी नावं-पत्ते, बदलत नसतात. बजावणं सोपं! नेहमीच्या वेबपत्त्यात सर्व्हरचं नाव असतं, पुढे मार्ग असतो. म्हणजे वस्तू कुठे ठेवली आहे ते. ती काय आहे, याबद्दल अवाक्षर नाही.

[पडद्यावर: शून्य बाइटची फाइल.]

ही फाइल पूर्ण रिकामी आहे. तिचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, शा-२५६ या पद्धतीने काढला की ६४ चिन्हं मिळतात. सुरुवात अशी: ई३बी०सी४४२. कुठल्याही मशीनवरची कुठलीही रिकामी फाइल घ्या, चिन्हं हीच. आता तिच्यात फक्त एक स्पेस टाकू. बघा, अख्खी ओळ पालटली.

हा ठसाच नाव म्हणून वापरला तर?

यूआरआयमध्ये कोलनच्या आधी येते ती स्कीम. पुढचं कसं वाचायचं हे तीच ठरवते. २०१३ च्या आरएफसी ६९२० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने 'एनआय' ही स्कीम आणली. एनआय, कोलन, मग तीन तिरप्या रेघा. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये सर्व्हरचं नाव यायचं, ती जागा इथे चक्क मोकळी सोडता येते. पुढे हॅशची पद्धत, अर्धविराम आणि ठसा. फाइल कुणाकडूनही घ्या, हॅश पुन्हा काढा, जुळला तर माल अस्सल. तीच फाइल शंभर जणांनी साठवायला दिली तरी प्रत एकच पुरते.

पद्धतीचं नाव पत्त्यातच लिहिणं दूरदृष्टीचं ठरलं, कारण एक पद्धत कच्ची निघाली तर दुसरी लिहिता येते. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या संशोधकांनी शा-१ या जुन्या हॅश पद्धतीत दोन वेगळ्या पीडीएफचा ठसा एकच करून दाखवला.

अडचण उरते ती बदलत्या मजकुराची. स्वल्पविराम सुधारला तरी नाव नवं. मग 'सध्याची आवृत्ती' मागायची कशी? फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीने २००५ पासून सरळ तोडगा ठेवलाय.

[पडद्यावर: एका ओळीची फाइल.]

ही गिटमधली 'मेन' शाखा, म्हणजे सध्याच्या आवृत्तीकडे बोट दाखवणारं न बदलणारं नाव. आत ताज्या कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या आवृत्तीच्या, ठशाची ४० चिन्हं, बस्स. नवा कमिट झाला की जुनी जातात, नवी येतात.