एवढी माती गेली कुठं?

(दृश्य: जुलैतली सकाळ. काळं वावर, उताराकडचा धुरा. चिखलात बुडालेले पाय.)

रात्री धो-धो कोसळला आणि सकाळी धुरा एका जागी फुटलेला. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं हे वावर. वरच्या अंगाला पऱ्हाटीच्या दोन तासांमधून बोटभर रेघ निघते. खाली येता येता तिला दुसरी मिळते, तिसरी मिळते, आणि धुऱ्यापाशी गुडघाभर घळ. घळीच्या तोंडाशी माती पंख्यासारखी पसरली आहे: आधी खडे, मग रेती, शेवटी लोण्यासारखा गाळ.

हा पंखा बघायलाच मी आलोय. घरी लॅपटॉपवर एक ग्रह याच्यावाचून अडला होता.

(दृश्य: स्क्रीनवर करड्या छटांचा उंचीचा नकाशा.)

ग्रह काल्पनिक. एका गोष्टीसाठी त्याचे नकाशे करतोय. उंचीचा नकाशा म्हणजे चौकटींची जाळी. 1024 गुणिले 1024, म्हणजे साडेदहा लाखांच्या आत-बाहेर चौकटी, आणि प्रत्येकीत एकच आकडा, उंचीचा. डोंगर उभे करणं सोपं आहे. केन पर्लिन यांनी 1980च्या दशकात शोधलेला नॉइज, म्हणजे गणितानं काढलेला सलग पण बेशिस्त चढउतार, वापरला की मिनिटभरात रांगाच रांगा. पण त्या डोंगरांवर कधी पाऊस पडलेला नसतो. दऱ्या कुठंही सुरू होतात, कुठंही संपतात. एक दरी दुसरीला जाऊन मिळेल तर शपथ.

मग पाऊस पाडायचा. एक थेंब कुठंतरी टाकायचा आणि उतारानं चौकट-चौकट खाली सरकवायचा. उतार, वेग आणि पाणी जेवढं जास्त, तेवढी त्याची माती वाहायची ताकद जास्त. ताकद शिल्लक असली की तो जमीन खरडतो, उतार मंदावला की ओझं खाली ठेवतो. वाटेत थोडाथोडा आटतोही. असे दोन लाख थेंब टाकले. घळी पडल्या, फाटे जुळले. मी खूश. बाबांना दाखवलं.

त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "एवढी माती खरडली, थे गेली कुठं रे?"

खरंच, पायथ्याशी ना पंखे, ना गाळाचं मैदान. सगळ्या चौकटींच्या उंचीची बेरीज केली, पावसाआधीची आणि नंतरची. जुळेना. थेंबाला मी 30 पावलांचं आयुष्य दिलं होतं. तिसाव्या पावलाला तो मरायचा, तो पोटातली माती घेऊनच! आता तो मरण्याआधी ओझं उतरवतो. जो नकाशाच्या कडेवरून बाहेर पडतो, त्याची माती वेगळ्या खात्यात लिहितो.

हे टेकडीपुरतं ठीक. अख्ख्या ग्रहाच्या नकाशात एक चौकट एक किलोमीटरची धरली, तर 30 पावलांत 30 किलोमीटर. तेवढ्यात वर्धा नदी काय तयार होणार? तिथं थेंबांचा नाद सोडायचा. प्रत्येक चौकटीकडे वरचं किती रान पाणी सोडतं ते मोजायचं आणि खरड त्यावरून ठरवायची: साधारण त्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ गुणिले उतार. खऱ्या नद्यांसाठी भूशास्त्रज्ञही याच घाटाचं सूत्र वापरतात. वर बोटभर रेघ आणि खाली गुडघाभर घळ का, ते यात येतं.

फक्त या हिशेबात पाणी मधेच अडलेलं चालत नाही. म्हणून प्रोग्राम आधी सगळे खोलगट भाग काठोकाठ बुजवतो. मीही बुजवले.

(दृश्य: उंचावरून लोणार सरोवर.)

मग लोणार आठवलं. बुलढाणा जिल्ह्यात, बेसाल्टच्या खडकात आघातानं पडलेलं विवर, व्यास 1.8 किलोमीटरच्या आसपास. ओढ्या-झऱ्यांचं पाणी आत येतं, बाहेर पडायला वाट नाही. ते आटत राहतं, क्षार मागं उरतात. माझ्या प्रोग्रामनं लोणारचं सपाट मैदान केलं असतं.

आता उत्तर गोलार्धातला एक खड्डा बुजवण्यातून वगळलाय. त्यात येतं तेवढं पाणी वाफ होऊन जातं की नाही, याचं गणित सकाळपासून चालू आहे. वीज टिकली तर संध्याकाळी कळेल.

(दृश्य: फुटलेला धुरा. बाबा दगड रचताहेत.)

पाणी निघावं पण माती अडावी, एवढ्याच फटी ते ठेवतात.

"पाहत काय बसला? बारके गोटे दे इकडे."