भट्टीच्या आधी आर्सेनिक काढलं पाहिजे

हे जे काळपट, पिठाएवढं बारीक दिसतंय, ते तांब्याचं कॉन्सन्ट्रेट. खाणीतला दगड दळला, फेसावर खनिज तरंगवलं, फालतू दगड खाली बसला, की हे हाती येतं. पण यात एनार्जाइट नावाचं खनिज आहे आणि त्याच्या एकाच स्फटिकात तांबं साधारण ४८ टक्के आणि आर्सेनिक हे विष १९ टक्के, त्यामुळे कितीही बारीक दळा, दोघं सुटत नाहीत.

हे असंच भट्टीत गेलं की आर्सेनिकचा बराचसा भाग धूर होऊन उडतो, धुळीत साठतो, थोडं तांब्यातच राहतं आणि तारेतून वीज नीट जात नाही. म्हणून चीन ०.५ टक्क्यापेक्षा जास्त आर्सेनिक असलेलं कॉन्सन्ट्रेट आत घेत नाही. आमचं म्हणणं एवढंच की ही घाण खाणीवरच निघावी, भट्टीजवळ राहणाऱ्यांच्या माथी कशाला?

आता टाकीत बघा. हे पिवळे-विटकरी तुकडे सोडियम सल्फाइडचे, जोडीला कॉस्टिक सोडा, आणि पाणी जवळजवळ उकळायला आलेलं. पंखा सारखा फिरतोय कारण कण तळाशी बसले तर काम थांबतं. सल्फाइड कणात शिरतं, आर्सेनिक गंधकासकट पाण्यात उतरतं आणि तांबं मात्र कॉपर सल्फाइड होऊन कणातच राहतं, या पद्धतीची खरी कमाल हीच आहे, तांबं जवळपास वाया जातच नाही. अँटिमनी हा दुसरा नकोसा घटकपण असाच निघतो, अमेरिकेत आयडाहोच्या सनशाइन खाणीत त्यासाठीच हे वापरलं गेलं.

मीटरवर नजर ठेवणारा हा माणूस पीएच बघतोय. कॉस्टिक कमी पडून पीएच उतरला तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तो वायू जीव घेतो, म्हणून पीएच १२ च्या वरच ठेवायचा.

मग फिल्टर प्रेस, म्हणजे कापडातून दाबून पाणी गाळणारं यंत्र. प्लेटा उघडल्या की कापडावरून केक, म्हणजे गाळून उरलेला कणांचा घट्ट थर, धपकन पडतो, तो परत धुवायचा, कारण कणांच्या फटीत आर्सेनिकचं पाणी अडकलेलं असतं आणि धुण्यात कंजूषी केली तर सगळी मेहनत फुकट. उरलेल्या पाण्यातलं आर्सेनिक ऑक्सिडाइज करून लोखंडाबरोबर स्कोरोडाइट या घट्ट खनिजात बांधता येतं, ते कायम सांभाळायचं. केक वाळला की भट्टीकडे रवाना.